तार तुटली तरी चित्र दिसावे

छत्तीसगडच्या मैदानात माणसापर्यंत पाणी तीन वाटांनी येते. पहिली वाट पावसाची. पाऊस एका शेतावर पडला म्हणून शेजारच्या शेताच्या वाट्याचा कमी होत नाही. दुसरी वाट नळाची. नळाचे पाणी दूरच्या टाकीतून येते. जितकी घरे अधिक जोडावीत तितका त्या टाकीवरील भार वाढतो, आणि वाटेत कोठे नळी फुटली की पुढची सारी घरे कोरडी राहतात. तिसरी वाट तळ्याची. पाऊस उघडला आणि नळ बंद पडला, तरी तळ्यात साठविलेले पाणी गावाच्या हाताशी असते. रायपूर शहरातील बुढा तलाव आणि या मुलुखातील गावोगावची तळी ही अशाच दूरदृष्टीची खूण होय. शहाणे गाव या तीन वाटांपैकी एकीवरच विसंबून राहत नाही.

दूरचित्रवाणीची गोष्ट यापेक्षा वेगळी नाही. उपग्रहावरून किंवा उंच मनोऱ्यावरून होणारे प्रक्षेपण हा पाऊस होय. इंटरनेटवरून येणारे चित्र हे नळाचे पाणी होय. आणि घरातील संगणकावर साठविलेले कार्यक्रम हे तळे होय. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतीय घरांचा ओढा नळाकडे फार वेगाने झाला. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु सोय वाढत असताना आधीच्या दोन वाटा बुजू द्यावयाच्या काय, हा प्रश्न आज विचारला गेला पाहिजे. तो जितका घरातील यंत्रांचा आहे तितकाच सार्वजनिक धोरणाचाही आहे.

उरल्यातील एक घर

रायपूर शहराच्या उत्तरेकडे उरला ही औद्योगिक वसाहत आहे. लोखंड-पोलादाच्या भट्ट्या, सळया व पट्ट्या लाटणाऱ्या रोलिंग मिल, त्यांना लागणाऱ्या सुट्या भागांची कारखानदारी आणि अहोरात्र धावणारे मालट्रक असे या भागाचे रूप आहे. येथील कामगाराचा दिवस घड्याळापेक्षा पाळीवर अवलंबून असतो. दुसऱ्या पाळीचा माणूस सायंकाळच्या बातम्यांच्या वेळी भट्टीसमोर उभा असतो. रात्रपाळीचा माणूस सकाळच्या कार्यक्रमांच्या वेळी झोपलेला असतो.

अशा वस्तीतील एखाद्या घराची कल्पना करावी. घरात इंटरनेटची तंतुवाहिनी आलेली आहे. तिच्यावरच बातम्या, क्रिकेटचे सामने, मुलांचे पाठ आणि चित्रपट चालतात. छपरावरची जुनी डिश गंजली म्हणून काढून टाकलेली आहे. एके दिवशी रस्त्याच्या कडेला खोदकाम होते आणि तंतुवाहिनी तुटते. त्या क्षणी घरातील दूरचित्रवाणी-संच म्हणजे भिंतीवरची एक काळी पाटी होऊन बसतो. घरातील मंडळी भ्रमणध्वनीकडे वळतात. परंतु जवळचा मनोराही पुष्कळदा त्याच मार्गाने जाणाऱ्या तंतूवर अवलंबून असतो, आणि तो चालू असला तरी साऱ्या वस्तीचा भार एकदम त्याच्यावर पडल्याने चित्र थांबत-थांबत येते.

इंटरनेट खंडित होण्याची कारणे एवढीच नाहीत. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया बंदराजवळ समुद्रतळावरील तारा तुटल्या आणि हजारो किलोमीटर दूर असलेल्या भारतातील इंटरनेट मंदावले. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापुराने वेढले, तेव्हा वीज आणि भ्रमणध्वनी या दोन्ही सेवा कोलमडल्या. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव निर्माण झाला असता सरकारी आदेशाने इंटरनेट काही काळ बंद ठेवण्यात आले. कधी तार शाबूत असते, वीज असते, आदेशही नसतो. परंतु दूर देशीच्या एखाद्या कंपनीची संगणकव्यवस्था कोसळते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि तिच्या इतर सेवा जगभर सुमारे सहा तास बंद होत्या. निसर्ग, अपघात, शासन आणि कंपनी या चौघांपैकी कोणाच्याही हातून खंड पडू शकतो. अशा वेळी खात्रीच्या ताज्या बातमीची गरज मात्र नेहमीपेक्षा अधिक असते.

पाऊस आणि नळ यांतील भेद

प्रक्षेपण आणि इंटरनेट यांतील भेद नीट समजल्याखेरीज पुढील विचार होऊ शकत नाही. उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. भूकेंद्राकडून आलेला संदेश तो साऱ्या देशावर एकाच वेळी पसरतो. डिश दहा असोत वा दहा कोटी असोत, उपग्रहास त्याचे काहीच वाटत नाही. वर जाऊन खाली येण्यास संदेशाला सुमारे पाव सेकंद लागतो.

इंटरनेटवर प्रत्येक प्रेक्षकासाठी चित्राचा स्वतंत्र प्रवाह सोडावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या वेळी एका इंटरनेट सेवेवर एकाच क्षणी सुमारे ५ कोटी ९० लाख प्रेक्षक नोंदले गेले. इतके प्रवाह एकाच वेळी सांभाळणे हा अभियांत्रिकीचा मोठा पराक्रम आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यासाठी चित्राचे लहान-लहान तुकडे करून ते गावोगावच्या केंद्रांत क्षणभर साठवितात आणि तेथून वाटतात. त्यामुळेच इंटरनेटवरील ‘थेट’ चित्र प्रत्यक्ष घटनेच्या पुष्कळ सेकंद मागे असते, आणि शेजारच्या घरात डिश असल्यास त्यांचा जल्लोष आधी ऐकू येतो. परंतु जे काम एका उपग्रहाच्या एका संदेशाने होते, त्यासाठी कोट्यवधी प्रवाह सोडावे लागतात, हेही तितकेच खरे.

आकाशमार्गालाही उणिवा आहेत. आजच्या घरगुती डिशकडे येणाऱ्या लहरींची वारंवारता अकरा गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लांबी तीन सेंटिमीटरांहूनही कमी असते. इतक्या आखूड लहरी मुसळधार पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात. म्हणून आषाढातल्या एखाद्या सरीत चित्र काही मिनिटे नाहीसे होते. पण सर ओसरताच ते आपोआप परत येते. त्यासाठी कोणास खड्डा खणावा लागत नाही की तंतू जोडावा लागत नाही.

रायपूरचा जुना अनुभव

उरल्याच्या संदर्भात या चर्चेला एक ऐतिहासिक अर्थ आहे. दूरचित्रवाणी आकाशातून थेट खेड्यात उतरविण्याचा भारतातील पहिला मोठा प्रयोग ज्या प्रदेशांत झाला, त्यांत रायपूर जिल्हा होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-शिक्षण प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत पार पडला. त्या वेळच्या मध्य प्रदेशातून रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर हे जिल्हे निवडले होते. या योजनेची बीजे विक्रम साराभाई यांनी पेरली. अमेरिकेच्या नासा या संस्थेशी १९६९ मध्ये करार झाला. १९७१ मध्ये साराभाई निवर्तले. प्रयोग तडीस नेणाऱ्यांत यशपाल यांच्याबरोबर १९२५ साली कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे प्रमुख होते.

ज्या खेड्यांत दूरध्वनीची तार पोहोचली नव्हती, तेथे तीन मीटर व्यासाची डिश उभी राहिली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची ती बनविलेली होती. एटीएस-६ या उपग्रहाच्या लहरींची लांबी सुमारे पस्तीस सेंटिमीटर असल्याने जाळीच्या भोकांतून त्या निसटत नसत. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालविले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्या माणसांसाठी असे दिवसाला सुमारे चार तास कार्यक्रम होत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन हे विषय या खेड्यांतील चावडीवर चित्ररूपाने बोलू लागले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण ३१ जुलै १९७६ नंतर काय झाले? उपग्रह अमेरिकेचा होता. करार एका वर्षाचा होता. वर्ष संपले आणि उपग्रह परत अमेरिकेच्या बाजूला नेण्यात आला. डिश जागेवर होती, संच जागेवर होता, पाहणारी माणसेही जागेवर होती. मात्र चित्र नव्हते. गावाजवळ कार्यक्रम साठविण्याचे साधन नव्हते; म्हणून वर्षभर जे दाखविले गेले त्यातील एकही पाठ पुन्हा पाहावयास मिळाला नाही. पुढे १९७७ मध्ये रायपूर येथे जमिनीवरील प्रक्षेपण केंद्र सुरू झाले आणि ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेल्यानंतर भारताचा स्वतःचा मार्ग स्थिर झाला.

या अनुभवातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, ताजे चित्र पोहोचविण्यास तारेची गरज नाही. ते आकाशातून दुर्गम खेड्यातही उतरू शकते. दुसरा असा की, केवळ ग्राहकयंत्र जवळ असून भागत नाही. चित्राचा उगम आपल्या हाती हवा आणि साठवण आपल्या गावी हवी. आजचे घर इंटरनेटवर जेव्हा सर्वस्वी विसंबते, तेव्हा ते १९७६ च्या त्या खेड्याप्रमाणेच दुसऱ्याच्या मर्जीवर उभे असते. फरक इतकाच की, त्या खेड्याला उपग्रह जाण्याची तारीख आधी ठाऊक होती.

घरगुती सर्व्हर म्हणजे काय

घरातील तळे म्हणजे आजच्या भाषेत घरगुती मीडिया सर्व्हर. नाव भारदस्त असले तरी वस्तू साधी आहे. एक लहान संगणक, त्याला जोडलेली मोठी हार्ड डिस्क, आणि त्यातील चित्रे व ध्वनी घरातील कोणत्याही संचावर पाठविणारी संगणकप्रणाली एवढाच तिचा पसारा. यासाठी जेलीफिन आणि कोडी यांसारख्या प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहेत. उपग्रहाचा संदेश घेणारा ट्यूनर या संगणकाला जोडला आणि टीव्हीहेडएंडसारखी प्रणाली चालविली की, डिशवर येणाऱ्या, कूटबद्ध नसलेल्या वाहिन्या थेट पाहता येतात आणि ठरलेल्या वेळी आपोआप साठविताही येतात. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्री परतलेला कामगार सायंकाळच्या बातम्या त्यामुळे घरी पाहू शकतो.

साठवणीचे गणित कोणाही विद्यार्थ्यास करता येईल. साध्या प्रतीच्या चित्राचा प्रवाह सेकंदाला ३० लक्ष बिट एवढा धरला, तर तासाला सुमारे १.३५ गिगाबाइट जागा लागते. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये असे सातशेहून अधिक तासांचे कार्यक्रम मावतात. विजेचा हिशेबही जड नाही. लहान संगणक सुमारे १० वॅट वीज घेतो. तो महिनाभर अखंड चालला तरी सव्वासात युनिटांच्या आत भागते. वीज गेली असता १५० अँपिअर-तासांच्या, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर संगणक, राउटर, डिशचा संच आणि मध्यम आकाराचा दूरचित्रवाणी-संच मिळून ८० वॅटचा भार सुमारे दहा तास वाहू शकतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाय-फाय आणि इंटरनेट या दोन गोष्टी एकच वाटतात. वाय-फाय हे घरातल्या घरात संदेश वाहणारे जाळे आहे. इंटरनेट ही त्या जाळ्याला बाहेरून मिळणारी जोड आहे. बाहेरची जोड तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत घरातील सर्व्हरवरील चित्र दुसऱ्या खोलीतील संचावर जाऊ शकते. नळ बंद झाला म्हणून घरातील रांजणातून तांब्याने पाणी घेता येत नाही, असे कोणी म्हणत नाही.

किल्ली कोणाकडे?

तथापि सर्व्हर घरात आणून ठेवला म्हणजे घर स्वावलंबी झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. अनुभव असा की, इंटरनेट बंद पडताच अनेक घरगुती सर्व्हरही हात टेकतात. डिस्क घरात असते, चित्रपट घरात असतात, तरी पडद्यावर ‘जोडणी नाही’ एवढेच उमटते. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण ओळखीचे. काही प्रणाली मालकाची ओळख पटविण्यासाठी दर वेळी दूरच्या कंपनीच्या संगणकाकडे विचारणा करतात. घर आपले, पेटी आपली, पेटीतील वस्तू आपल्या. पण किल्ली दुसऱ्या गावी, असा हा प्रकार होय. दुसरे कारण वेळापत्रकाचे. कोणत्या वाहिनीवर केव्हा काय आहे, ही यादी बऱ्याच प्रणाली इंटरनेटवरून आणतात. ती आली नाही की साठवणीचे काम अडते. तिसरे कारण घड्याळाचे. स्वस्त लहान संगणकांपैकी काहींत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट नसले, तर त्यांना वेळच कळत नाही आणि सातच्या बातम्या साठविण्याची आज्ञा वाया जाते.

या तिन्ही अडचणींवर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. घराच्या हद्दीत स्वतःच ओळख पटविणारी प्रणाली निवडावी. घड्याळाची बॅटरी बसवावी. वेळापत्रकासाठी तर इंटरनेटची मुळातच आवश्यकता नाही. कारण डिजिटल प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत चित्राबरोबरच अचूक वेळ आणि पुढील कार्यक्रमांची यादी पाठविण्याची सोय आहे. प्रसारकांनी ती यादी काळजीपूर्वक भरून पाठविणे हे त्यांचे कर्तव्य मानले पाहिजे. सर्व्हर बाळगणाऱ्या प्रत्येक घराने महिन्यातून एकदा इंटरनेटची तार मुद्दाम काढून पाहावी. त्या एका तासात काय चालते आणि काय बंद पडते, यावरून खरोखर आपल्या मालकीचे काय आहे ते समजते. आगीचा बंब आग लागल्यावर तपासावयाचा नसतो.

आणखी एक मर्यादा ध्यानी धरावी. साठवण ही भूतकाळाची असते. सर्व्हरवर हजार चित्रपट असले, तरी आज नदीचे पाणी किती चढले, कोणता रस्ता बंद आहे, शाळा उद्या भरणार की नाही, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी ताजे चित्र हवे, आणि ते तारेविना आणणारी डिश छपरावर हवी. म्हणून डिशविना सर्व्हर अपुरा आहे, आणि पाळीच्या कामगारासाठी सर्व्हरविना डिशही अपुरीच. दोन्ही एकत्र असतील तरच खंडाच्या काळातही घराला वर्तमानाचे आणि संग्रहाचे असे दोन्ही दरवाजे उघडे राहतात.

काही आक्षेप

इंटरनेट फार थोडा वेळ बंद असते. तेवढ्यासाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खंड अल्प असतो हे खरे. पण कोणता खंड अल्प राहील हे आधी सांगता येत नाही, आणि पूर, दंगल किंवा वादळ यांच्या वेळीच तो येण्याचा संभव अधिक असतो. छत्री वर्षातील पुष्कळ दिवस खुंटीवरच असते; म्हणून कोणी ती विकत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रसार भारतीची फ्री डिश सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. डिश आणि तिचा संच एकदा घेतला की पुढे खर्च उरत नाही. रायपूरमधील मराठी कुटुंबांना सह्याद्री वाहिनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांना दूरदर्शनची छत्तीसगड वाहिनी या एकाच डिशवर मिळते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात वसलेल्या मराठी घरांना मातृभाषेतील बातमी ऐकण्यास इंटरनेटची कृपा लागू नये, ही गोष्ट लहान नव्हे. सर्व्हरसाठी नवी खरेदीही अनिवार्य नाही. कपाटात पडलेला जुना संगणक पुष्कळदा पुरतो.

तिसरा आक्षेप कायद्याचा आहे, आणि तो योग्य आहे. चोरून मिळविलेल्या चित्रपटांचे कोठार करणे हा या विवेचनाचा हेतू नव्हे. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३९ व्या कलमाने, प्रक्षेपणाचे मुद्रण करणाऱ्याने ते स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधन यांसाठी केले असल्यास ते प्रसारकाच्या हक्काचे उल्लंघन मानलेले नाही. या मर्यादेत राहून साठवण करावी. तिची विक्री वा वाटप करू नये.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे. विनामूल्य आकाशमार्ग प्रामुख्याने सरकारी संस्थेच्या हाती आहे. मग संकटकाळी एकच आवाज ऐकावयाचा काय? याचे उत्तर आकाशमार्ग सोडण्यात नाही. त्यावर अनेक स्वतंत्र वाहिन्यांना स्थान असावे, हे आग्रहाने मागण्यात आहे. इंटरनेट बंद करण्याच्या आदेशांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि अनिश्चित काळासाठी ते देता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. नागरिकाने त्या निर्णयाचे पालन मागावे आणि छपरावरची डिशही शाबूत ठेवावी. एका गोष्टीमुळे दुसरी अनावश्यक ठरत नाही.

शाळा, ग्रंथालये आणि शासन

घराने काय करावे हे झाले. पण ही जबाबदारी घरावरच टाकणे न्याय्य होणार नाही. प्रत्येक कामगाराला सर्व्हर परवडेल किंवा सांभाळता येईल असे नाही. गावचे तळे जसे एकाचे नसते, तसा हा संग्रहही सार्वजनिक असू शकतो. मे २०२० मध्ये घोषित झालेल्या पीएम ई-विद्या कार्यक्रमात पहिली ते बारावीपर्यंत प्रत्येक इयत्तेस एक वाहिनी देण्याची योजना झाली. शाळेने डिशवरून हे पाठ घेऊन आपल्या सर्व्हरवर ठेवले, तर वर्गाच्या सोयीने ते दाखविता येतील आणि १९७६ प्रमाणे एकदा गेलेला पाठ कायमचा गेला, असे होणार नाही.

छत्तीसगडला या विचाराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. एप्रिल २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्याने ‘पढ़ई तुंहर दुआर’ हा इंटरनेटवरील शिक्षणक्रम सुरू केला. इंटरनेट जेथे पोहोचत नव्हते तेथे तो अपुरा पडला. तेव्हा ‘बुलटू के बोल’ या उपक्रमात धड्यांचे ध्वनिमुद्रण ब्लूटूथच्या साहाय्याने एका साध्या फोनवरून दुसऱ्या फोनवर देण्यात आले. ब्लूटूथला ‘बुलटू’ म्हणणाऱ्या लोकांनी साठवण आणि हातोहात वाटप यांचे महत्त्व पुस्तक न वाचता ओळखले होते. सार्वजनिक ग्रंथालयाने वाचनकक्षात एक सर्व्हर ठेवणे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होय. ग्रंथालय म्हणजे तरी काय? दूरच्या मुद्रणालयात निघालेले ज्ञान वाचकाच्या गावी साठवून ठेवणारे तळेच ते. पुस्तक वाचावयास प्रत्येक वेळी प्रकाशकाची संमती विचारावी लागत नाही; साठविलेल्या चित्राबाबतही तसेच असले पाहिजे.

शासनाच्या वाट्याला मोठा प्रश्न येतो. दूरदर्शनने जमिनीवरील जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली; मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळून उरलेली ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते. जुने तंत्र वीज आणि लहरींची जागा फार खात असे; ते बंद करण्यात गैर काही नाही. परंतु त्याच्या जागी यावयाचे डिजिटल भू-प्रक्षेपण फेब्रुवारी २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झाले, त्यांत मुंबई, औरंगाबाद आणि रायपूर ही होती. तरीही ग्राहकयंत्रांच्या अभावी ते घरोघरी रुजले नाही. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने ३ जून २०१९ रोजी दूरचित्रवाणीचे भू-प्रक्षेपण बंद केले. पण तेथील परिस्थिती आणि उरल्याची परिस्थिती सारखी नाही. जेथे तंतुवाहिनी घरोघरी आणि वीज अखंड, तेथील हिशेब जेथे खोदकामागणिक तार तुटते तेथे लावता येत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागणे रास्त ठरते. वर्गणीविना मिळणारा आकाशमार्ग कायम राखावा आणि त्यावरील वाहिन्या कूटबद्ध करू नयेत. त्या वाहिन्यांबरोबर कार्यक्रमांची यादी नियमित पाठवावी. आणि शाळा व ग्रंथालये यांना डिश, ट्यूनर व साठवण यांचा साधा संच अनुदानातून द्यावा. विमानतळ किंवा महामार्ग यांच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

इंटरनेटविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. नळ आल्यावर विहिरीवरचे हेलपाटे वाचले, हे कोण नाकारील? परंतु नळ आला म्हणून जी गावे आपली तळी बुजवितात, त्यांना पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. उरल्यातील कामगार रात्री घरी परतून संच लावील तेव्हा रस्त्याखालची तार शाबूत आहे की नाही, याची त्याला चिंता पडू नये. छपरावर डिश, घरात किंवा ग्रंथालयात साठवण, आणि दोहोंची किल्ली आपल्या हाती एवढी तजवीज करण्यास आज विज्ञान पूर्ण समर्थ आहे. आता हवी आहे ती घराची सवय आणि शासनाची इच्छा.